'ओपन' कोणासाठी? इंडियन ओपन गोल्फ आणि कॅडींच्या पोरांचा इतिहास

महाराष्ट्रात 'ओपन' हा शब्द ऐकला की आपल्या कानाला एकच अर्थ लागतो. "तुझं ॲडमिशन कॅटेगरीतून की ओपनमधून?" हा प्रश्न कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात विचारला जातो, आणि उत्तर काय यावे हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. कायद्याने खुला प्रवर्ग सगळ्यांचा आहे. गुणांवर तिथे अनुसूचित जातीचा विद्यार्थीही बसतो. पण व्यवहारात 'ओपन' म्हणजे सवर्ण असा अर्थ रूढ झाला आणि आपणही नकळत तो वापरू लागलो. 'सगळ्यांसाठी खुले' हे शब्द दारावर लिहायचे आणि आत कोण येणार ते आधीच ठरलेले असायचे, ही युक्ती जुनी आहे. तिचा एक इतिहास खेळाच्या मैदानावर सापडतो. तोही गोल्फच्या.

गोल्फशी आपला काय संबंध, असे कार्यकर्ते विचारतील. आम्हालाही आधी कुणी हा विषय सुचवला असता तर आम्ही हसलो असतो. पण शहराच्या मध्यभागी शेकडो एकर जमीन कोणाच्या ताब्यात आहे, ती जमीन हिरवी ठेवण्यासाठी कोण राबतो, आणि साहेबांची जड पिशवी खांद्यावर घेऊन चार-पाच तास उन्हात कोण चालतो, हे प्रश्न विचारले की गोल्फ एकदम आपला विषय होतो.

सुरुवात स्कॉटलंडपासून करावी लागते. १८६० साली प्रेस्टविक येथे ८ खेळाडूंची एक स्पर्धा झाली. बक्षीस म्हणून लाल चामड्याचा पट्टा होता आणि तो विली पार्कने जिंकला. हे आठही जण व्यावसायिक होते. 'व्यावसायिक' म्हणजे आजचे कोट्यधीश खेळाडू समजू नका. कॅडी, चेंडू आणि काठ्या बनवणारे कारागीर, मैदानाची निगा राखणारे, अशी ही पोटासाठी खेळाला जुंपलेली माणसे. दुसऱ्या वर्षी, १८६१ मध्ये, ही स्पर्धा 'सगळ्या जगासाठी खुली' जाहीर झाली. इथे गंमत बघा. कामगार तर आधीपासून खेळतच होते. स्पर्धा नव्याने खुली झाली ती हौशी सभ्य गृहस्थांना! मालकाला कामगारांच्या स्पर्धेत उतरण्याची मुभा मिळाली, पण त्याच कामगाराला क्लबच्या इमारतीत पाऊल ठेवण्याची मुभा मात्र मिळाली नाही. मोठ्या स्पर्धेत व्यावसायिकांसाठी क्लबहाऊसचे दार उघडले ते १९२० मध्ये, अमेरिकेच्या यूएस ओपनला, ओहायो राज्यातल्या इन्व्हरनेस क्लबमध्ये. म्हणजे मैदान खुले होऊन ५९ वर्षे झाल्यावर. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याचा इतिहास ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भारतात हा खेळ इंग्रजांच्या छावणीबरोबर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा जगातला सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. जोतिराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. म्हणजे या प्रांतात साहेबाला गोल्फचे मैदान मिळाल्यावर ६ वर्षांनी आमच्या पोरींना फळा दिसला. इंग्रज गेले तेव्हा या क्लबांच्या किल्ल्या मोठे अधिकारी, उद्योगपती, संस्थानिक आणि लष्करी अंमलदार यांच्या हातात आल्या. १९५५ मध्ये इंडियन गोल्फ युनियन स्थापन झाली. पिशवी उचलणारा मात्र तोच राहिला.

इंडियन ओपनची सुरुवात १९६४ ची. पीटर थॉमसन हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू ब्रिटिश ओपन ५ वेळा जिंकलेला. भारतात राष्ट्रीय खुली स्पर्धा व्हावी यासाठी त्याने पुढाकार घेतला आणि दिल्ली गोल्फ क्लबवर झालेली पहिली स्पर्धा स्वतःच जिंकली. पुढे १९६६ आणि १९७६ मध्येही तोच जिंकला. १९६५ ची स्पर्धा कलकत्त्याला झाली आणि ती प्रेमगोपाल उर्फ बिल्लू सेठी या भारतीयाने जिंकली. सेठी हौशी खेळाडू होते. इंडियन ओपन जिंकणारे ते आजवरचे एकमेव हौशी.

त्यानंतर २६ वर्षे एकही भारतीय ही स्पर्धा जिंकू शकला नाही. जपानचे आले, तैवानचे आले, फिलिपिन्सचा बेन अर्डा आला, १९८१ मध्ये अमेरिकेचा पेन स्टुअर्ट चषक घेऊन गेला. यजमान देश पाहत राहिला. या २६ वर्षांचे कारण कोणते, यावर क्रीडा पत्रकारांनी पुष्कळ लिहिले असेल. आमचे म्हणणे सरळ आहे. भारतात गोल्फ खेळणाऱ्यांचे दोन गट होते आणि त्यांच्यामध्ये भिंत होती. एका गटाकडे सदस्यत्व, साहित्य, परदेशवारी, प्रशिक्षण हे सगळे होते, पण खेळ त्यांची रविवारची करमणूक होती. दुसऱ्या गटाचे आयुष्य मैदानावर जात होते. कोणत्या उतारावर चेंडू किती वळेल, वारा पडला तर कोणती काठी घ्यावी, हे त्यांना झोपेतही सांगता येई. पण सराव करायचा तो साहेब घरी गेल्यावर किंवा क्लब बंद असेल त्या दिवशी, आणि तोही कुणाच्या तरी जुन्या, टाकून दिलेल्या काठ्यांनी.

भिंत कशी उभी होती ते १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये दिसते. गोल्फमध्ये भारताला वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळाली. लक्ष्मणसिंग आणि सहकाऱ्यांचे ते यश मोठे होते, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण एशियाड हौशी खेळाडूंसाठी होते. कॅडी पोटासाठी खेळू लागला की तो 'व्यावसायिक' ठरे आणि देशाच्या संघातून आपोआप बाद होई. ज्याला पैशाची गरज नाही त्यानेच देशासाठी खेळावे, असा हा नियम. त्याला कुणी जातीचा नियम म्हणणार नाही, कारण त्यात जातीचा उल्लेख नाही. उल्लेख न करता काम भागते तेव्हा उल्लेख करतो कोण?

१९९१ मध्ये ही भिंत एका माणसाने ओलांडली. अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला. ज्या मैदानावर तो दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत होता त्याच मैदानावर त्याने इंडियन ओपन जिंकली. इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. कुणाला वाटले असेल की हा योगायोग आहे, तर १९९३ मध्ये त्याच क्लबवर त्याने ती पुन्हा जिंकली.

मग दार थोडे किलकिले झाले. १९९८ मध्ये कोलकात्याचा फिरोज अली. पुढच्या वर्षी अर्जुन अटवाल आणि २००० मध्ये ज्योती रंधावा, हे दोघे मात्र कॅडींच्या वाटेने आलेले नव्हते. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार, कॅडीचा खेळाडू झालेला. २००९ मध्ये बंगळुरूचा सी. मुनियप्पा, तोही कॅडी. २०१३ मध्ये बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान, ढाक्याच्या कुर्मीटोला मैदानावर चेंडू वेचणारा पोरगा. आणि शेवटी शिव शंकर प्रसाद चौरसिया.

चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखत. मुलगा त्याच गवतावर वाढला, बघून बघून शिकला. इंडियन ओपनमध्ये तो ४ वेळा दुसरा आला. १९९९ पासून २०१५ पर्यंत, सोळा वर्षांत चार वेळा चषक हाताशी येऊन हुकला. २०१५ ला तर प्लेऑफमध्ये अनिर्बान लाहिरीने हरवले. लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर. पुढच्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, दिल्ली गोल्फ क्लबवर चौरसिया जिंकला आणि लाहिरी दुसऱ्या स्थानी राहिला. २०१७ मध्ये स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर गेली, तर तिथे चौरसियाने चक्क ७ फटक्यांच्या फरकाने सगळ्यांना मागे टाकले.

इथे एक खुलासा. अली शेर, मुनियप्पा, चौरसिया यांच्या जाती शोधायला आम्ही निघालेलो नाही. आडनावावरून जात हुंगण्याचा रोग आपल्या देशाला पुरेसा आहे, त्यात आम्ही भर घालणार नाही. आमचा मुद्दा कामाचा आहे. पिशवी वाहणे, गवत कापणे, दुसऱ्याचा हरवलेला चेंडू झुडपातून शोधून आणणे, ही कामे या देशात कोणाच्या वाट्याला येतात आणि क्लबची सदस्यत्वे कोणाच्या वाट्याला, हे सांगायला वेगळ्या सर्वेक्षणाची गरज नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेकडे श्रमिकांची उतरंड म्हणून पाहायला शिकवले. ती उतरंड पाहायची असेल तर एका सकाळी कोणत्याही गोल्फ क्लबच्या फाटकासमोर उभे राहा. एक रांग गाड्यांची असते आणि एक पायी येणाऱ्यांची.

पुण्याला हे दृश्य नवीन नाही. १८९० च्या दशकात पळवणकर बाळू हा चर्मकार तरुण पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात नोकरीला होता. खेळपट्टीची निगा राखायची आणि नेटमध्ये ग्रेग साहेबाला तासन्‌तास गोलंदाजी करायची. बॅट त्याच्या हाती कुणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या संघाने त्याला घेतले ते त्याच्या चेंडूंच्या लोभाने, पण चहा मात्र मंडपाबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या कुल्हडात. बाळूंचे पुढचे राजकारण आपल्याला पटणारे नाही, १९३७ ला ते काँग्रेसकडून खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तरी त्यांचा इतिहास आपला आहे. क्रिकेटमधला बाळू आणि गोल्फमधला कॅडी एकाच फटीतून आत आले. काम करताना कला अवगत झाली, आणि ती इतकी झाली की मालकाला ती नाकारता येईना.

ती नाकारता आली नाही तर काय करतात? त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेत सापडते. वेठीचे करार करून नेलेल्या भारतीय मजुरांच्या डर्बन शहरात सेवसंकर 'पापवा' सेवगोलम नावाचा एक कॅडी होता. त्याची काठी धरण्याची पद्धत उलटी, डावा हात उजव्याच्या खाली. १९५९ मध्ये तो नेदरलँड्सला गेला आणि त्या देशाची राष्ट्रीय खुली स्पर्धा, डच ओपन, जिंकून आला. पुढे १९६० आणि १९६४ मध्येही जिंकला. मायदेशात १९६३ ला त्याने डर्बनमध्ये नाताळ ओपन जिंकली, तेव्हा गोरे खेळाडू क्लबहाऊसमध्ये होते आणि विजेत्याला चषक बाहेर, पावसात देण्यात आला. वर्णभेदाच्या कायद्याने त्याला आत जाता येत नव्हते. १९६५ मध्ये त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेअरला हरवून. त्यानंतर सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांतूनच बंद केले, पासपोर्टही काढून घेतला. १९७८ मध्ये तो गरिबीत मेला. गॅरी प्लेअरने १९६६ च्या आपल्या पुस्तकात वर्णभेदी व्यवस्थेची बाजू घेतली होती, पुढे ती भूमिका सोडली, हेही नमूद करायला हवे. आता हे लक्षात घ्या की गुरुग्रामच्या ज्या डीएलएफ मैदानावर २०१७ पासून इंडियन ओपन खेळली जाते, त्याची आखणी याच गॅरी प्लेअरची आहे. पापवाचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

"ते आफ्रिकेत, कायद्याने. आपल्याकडे कुठे तसे?" असे कुणी म्हणेल. जून २०१७. चौरसियाने दुसऱ्यांदा इंडियन ओपन जिंकून तीन-साडेतीन महिने झाले होते. दिल्ली गोल्फ क्लबवर, जिथे अली शेर आणि चौरसिया जिंकले त्याच क्लबवर, एका सदस्याने जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांमध्ये मेघालयची एक खासी आदिवासी महिला होती. तिने आपला पारंपरिक पोशाख, जैनसेम, घातला होता. तो पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणून तिला जेवणाच्या दालनातून उठायला सांगितले गेले. देशभर ओरड झाल्यावर दिलगिरी वगैरे झाली. आम्हाला त्या प्रसंगातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो: मोलकरीण. समजा, ती खरेच कुणाची मोलकरीण असती. मग? तिने जेवू नये? चषक उचलताना माळ्याचा मुलगा छायाचित्रात चालतो, पण मोलकरणीसारखी दिसणारी बाई शेजारच्या टेबलावर चालत नाही.

चौरसियाची कथा इंग्रजी वर्तमानपत्रांना फार आवडली. ती सांगण्याची त्यांची एक ठरलेली तऱ्हा आहे. माळ्याचा मुलगा, ना कोटा ना सवलत, केवळ मेहनत आणि गुणवत्ता. मग आरक्षणाविरुद्धच्या वादात हीच कथा आपल्या तोंडावर फेकली जाते. याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते चौरसियाचा मान राखून दिले पाहिजे. स्कोअरकार्ड फटके मोजते, बाप विचारत नाही, हे खरे आहे. पण स्कोअरकार्ड हातात पडेपर्यंतचे काय? चौरसियाला मैदान मिळाले कारण त्याचे वडील तिथे कामाला होते. भिंतीपलीकडच्या वस्तीत त्याच्याइतकाच चपळ हात असलेला दुसरा पोरगा असेल, तर त्याला ते गवत दिसलेही नाही. गुणवत्ता दोघांकडे असू शकते, प्रवेश एकाकडेच होता, आणि तोही हक्काने नव्हे, कामाच्या निमित्ताने. मुलींना तर ही फटही नव्हती. कॅडीचे काम जवळपास सगळीकडे पोरांनाच मिळे. महिलांची इंडियन ओपन सुरू झाली २००७ मध्ये आणि २०१६ मध्ये अदिती अशोक ती जिंकणारी पहिली भारतीय ठरली. पण कॅडी-कुटुंबातल्या मुलीने तिथवर यावे कोणत्या वाटेने?

निमित्ताने मिळालेला प्रवेश किती टिकतो, हे आपल्याला आपल्याच इतिहासाने शिकवले आहे. बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. गावात ज्यांना पाटी शिवायची बंदी, त्यांच्या घरात लष्करामुळे अक्षर आले. पण १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ते दार एका फटक्यात मिटले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, सरकार हलले नाही. मेहेरबानीने उघडलेले दार मेहेरबानीनेच बंद होते. याच महूच्या छावणीतल्या गोल्फ मैदानावर मुकेश कुमार नावाचा खेळाडू वाढला. देशांतर्गत शंभराहून अधिक स्पर्धा त्याने जिंकल्या. आशियाई टूरची पहिली स्पर्धा, दिल्लीची पॅनासॉनिक ओपन, तो जिंकला २०१६ च्या डिसेंबरात, वयाच्या ५१ व्या वर्षी. ५१! संधी वेळेवर मिळाली असती तर काय झाले असते, हा हिशोब कोणत्या स्कोअरकार्डात लिहायचा?

आता गोल्फमधली ती फटही बुजत चालली आहे. २०१५ पासून इंडियन ओपन युरोपियन टूरशी जोडली गेली. २०२४ ला बक्षिसाची एकूण रक्कम साडेबावीस लाख डॉलर होती. तिथवर पोचायला लहानपणापासून अकादमी, परदेशी प्रशिक्षक, व्हिडिओ विश्लेषण, दरवर्षी नवे साहित्य लागते. कॅडीच्या जागी बॅटरीवरची गाडी आली. २०१७ च्या चौरसियानंतर पुरुषांची इंडियन ओपन एकाही भारतीयाने जिंकलेली नाही. २०१८ वॉलेस, २०१९ गॅलाकर, मग कोरोनामुळे तीन वर्षे स्पर्धाच नाही, २०२३ सीम, २०२४ नाकाजिमा, २०२५ चकारा. भारतीय गोल्फची पातळी का घसरली यावर चर्चा होतील. ज्या वाटेने जिंकणारे आले ती वाट कुणी मोजली का, असे कुणी विचारणार नाही.

आणि कॅडी? तो कोणाचा नोकर आहे हेच ठरलेले नाही. क्लब म्हणतो आमचा नाही, तो खेळाडूचे काम करतो. खेळाडू म्हणतो मी फक्त आजचे पैसे देतो. हाँगकाँगच्या रॉयल गोल्फ क्लबमधल्या एका कॅडीचा खटला १९९० च्या दशकात थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. क्लबने त्याला क्रमांक दिला होता, गणवेश दिला होता, मजुरीचा दर ठरवला होता. निकाल लागला की तो क्लबचा कर्मचारी नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेब दिल्लीत २२, पृथ्वीराज रोडला राहत होते, दिल्लीच्या गोल्फ मैदानापासून फार लांब नाही. आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांनी त्याच काळात धसास लावला. कामगार कायद्यांचे ते संरक्षण मैदानाच्या कुंपणापर्यंत येऊन थांबले आहे.

जमिनीचा प्रश्न तर याहून उघड. २०११ मध्ये संसदेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालात लष्कराच्या ताब्यातल्या जमिनीवर ९७ गोल्फ मैदाने आणि त्यांखाली ८ हजार एकरांहून अधिक जमीन असल्याची नोंद आहे. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाचा वाद किती जमिनीचा होता ते आठवा, गायरान कसणाऱ्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांना किती गुंठ्यांसाठी तुरुंगात जावे लागले ते आठवा.

मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याजवळ, आणि राज्यातल्या अनेक छावण्यांत गोल्फची मैदाने आहेत. तिथल्या साथींनी एवढे करावे. क्लब खासगी असला तरी जमिनीचा मालक बहुधा सरकार असते, तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज क्लबकडे न करता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरकडे करावा. जमीन कोणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा, वार्षिक भाडे किती, शेवटचे नूतनीकरण कधी, हे विचारावे. मग फाटकापाशी जाऊन कॅडींशी बोलावे: फेरीचे किती मिळतात, पावसाळ्यात काय करता, चेंडू लागून जखम झाली तर दवाखान्याचे कोण भरते, आणि तुमच्या पोरांना त्या मैदानावर खेळायला आठवड्यातून किती तास मिळतात. जमलेली माहिती आम्हाला कळवा, पुढचा लेख त्यावर लिहू.

जय भीम.